धुराचा पंचनामा

नव्या गाडीबरोबर वॉरंटी येते, जुन्या गाडीबरोबर सल्लागार. वॉरंटीला निदान मुदत असते.

पुण्यात डिसेंबरमध्ये पारा दहाच्या आसपास उतरला की आमची सेकंडहँड पेट्रोल गाडी सकाळी पहिल्या सेलला मागून भसकन पांढरा धूर सोडते. एरवी दुसऱ्याच्या घरातलं दुःख बघायला दार किलकिलं करावं लागतं. धूर मात्र चौथ्या मजल्यापर्यंत स्वतः आमंत्रण घेऊन जातो.

सगळ्यात आधी उतरले बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांनी हयातभर चालवली ती बँकेची डिझेल जीप.

"हीटर प्लग बदला," ते म्हणाले.

"काका, ही पेट्रोल आहे. हिला हीटर प्लग नसतात."

"तेच म्हणतोय मी! नसल्यामुळेच धूर येतोय."

थंड डिझेल इंजिनात हे प्लग तापले नाहीत, तर न जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर पडतं, हे खरंच आहे. काकांचं निदान अचूक होतं, पेशंट तेवढा चुकला होता.

आमचे साडू मुक्कामाला होते. त्यांनी सांत्वनाला आल्यासारखा माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हेड गॅस्केट गेलं." इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये हे गॅस्केट असतं. ते फाटलं की कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतं आणि वाफ होऊन सायलेन्सरमधून निघतं. हा धूर दाट असतो, इंजिन तापल्यावरही थांबत नाही आणि त्याला गोडसर वास येतो. गोड हा शब्द कानावर पडताच, मधुमेहामुळे पथ्यावर असलेले काका सायलेन्सरपाशी सर्वांत आधी वाकले.

तेवढ्यात वॉचमनने धूर निळसर असल्याची तक्रार नोंदवली. निळा म्हणजे ऑइल जळतंय, व्हॉल्व्ह सील नाहीतर पिस्टन रिंग गेल्या. काळा म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातंय. मतदान घ्यायची वेळ आली, तेव्हा बायको गॅलरीतून म्हणाली, "पांढराच आहे. पण शुभ्र नाही, मोतिया." मोतिया धुरावर इंजिनाचं काय बिघडतं, हे कुणालाच सांगता येईना.

शेवटी कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर गार पडल्यावर. त्याने कुणाला काही विचारलं नाही. कूलंटच्या बाटलीवरची खूण बघितली. ऑइलचं झाकण काढून आत दुधाळ साय धरलीय का ते पाहिलं. मग गाडी चालू करायला लावून सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर तळहात धरला. हातावर थेंब जमले. ना रंग, ना चिकटपणा.

"आता पाच मिनिटं थांबा," तो म्हणाला.

आमच्या समितीला एवढा एकच उपाय सुचला नव्हता. पाच मिनिटं गप्प उभं राहणं काकांना सर्वांत जड गेलं. सायलेन्सर तापला आणि धूर विरळ होत होत नाहीसा झाला.

"पाणी आहे साहेब. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. थंडीत ते सायलेन्सरमध्ये साठतं, सकाळी वाफ होऊन निघतं. आठवडाभर कूलंटच्या खुणेवर लक्ष ठेवा. उतरली, तर मात्र या."

त्याने पैसे घेतले नाहीत आणि तिथेच त्याची पत गेली. "फुकट सांगितलं म्हणजे त्याला काही कळत नाही," साडूंनी निकाल दिला. हेड उतरवायचे वीस हजार मागितले असते, तर साडूंनी त्याचा नंबर घेतला असता.

जाता जाता गॅरेजवाला एक कानमंत्र देऊन गेला. जुनी गाडी बघायला गेलात की आधी बोनेटला हात लावा. गरम लागलं, तर तुम्ही यायच्या आत मालकाने धूर उरकून घेतलाय असं समजा. इंजिनची खरी तब्येत थंड असतानाच कळते.

हा मंत्र काकांनी फारच मनावर घेतला. आता रात्रीच्या शतपावलीत ते पार्किंगमधल्या प्रत्येक बोनेटला हात लावून बघतात. धूर कुणाचा का येतो, यावर सोसायटीत अजून वाद आहेत. पण रात्री कोण किती उशिरा घरी आलं, याचं निदान अगदी बिनचूक होतं.