माद्रिद–लिस्बन : वीस मिनिटं

आमचे नाना एस.टी.त कंट्रोलर होते. गाडी फलाटाला लागावी आणि वेळेवर सुटावी, यापलीकडे त्यांनी जगाकडे फारसं काही मागितलं नाही. त्यामुळे युरोपातले राजवाडे त्यांनी उभ्या उभ्या उरकले. जीव सगळा वेळापत्रकात.

माद्रिदच्या हॉटेलात त्यांनी माझ्याकडून विमानाचं तिकीट घेतलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि कागद नाकाशी धरून वाचलं. सुटणार ३.३०. लिस्बनला पोचणार ३.५०.

“अंतर किती रे?”

“हवाई अंतर पाचशे दहाच्या आसपास. पुणे–नागपूरपेक्षाही कमी.”

नानांनी कागदी रुमालावर हिशेब मांडला. “म्हणजे ताशी १,५३० किलोमीटर. आवाज धावतो बाराशेच्या आसपास. आपण पोचणार, आणि विमानाचा आवाज काय मागच्या गाडीनं येणार?”

मी सांगितलं, पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे असतं. खरा प्रवास एक तास वीस मिनिटांचा, त्यातलं हवेत राहणं जेमतेम तासभर. येताना याच तिकिटावर दोन तास वीस मिनिटं दिसतात.

“चूक कुणाची?” कंट्रोलरचा पहिला प्रश्न.

चूक स्पेनची. माद्रिद आहे लंडनच्याही पश्चिमेला. पण १९४० साली हुकूमशहा फ्रँकोनं देशाची घड्याळं तासभर पुढे केली, ती पुन्हा मागे आलीच नाहीत. म्हणून तर इथं रात्री दहाला लोक जेवायला निघतात. पोर्तुगालनंही १९९२ साली हा प्रयोग करून पाहिला. थंडीत पोरं काळोखात शाळेत जाऊ लागली, तेव्हा १९९६ साली शहाण्यासारखं घड्याळ मागे घेतलं.

“मग रेल्वेनं जाऊ,” नाना म्हणाले. थेट रेल्वे नाही, हे मी जरा भीतभीतच सांगितलं. रात्रीची गाडी होती, ती २०२० साली बंद पडली. आता गाड्या बदलत गेलं तर दिवस जातो. नाना खरोखर दुखावले. “दोन राजधान्या, आणि थेट गाडी नाही? अरे, आपल्याकडे वाडीला मुक्कामी गाडी असते!”

साडेअकराला हॉटेल सोडलं. बाराखास विमानतळाचं चार नंबरचं टर्मिनल सुंदर आहे. छताला बांबूच्या लाटा, खांब पिवळ्यापासून निळ्यापर्यंत रंग बदलत जाणारे. पण गेटकडे जायला किती मिनिटं लागतील, याच्या पाट्या तिथं लावल्यात. लांबच्या गेटांना तर जमिनीखालून बिनचालकाची गाडी. तीत नाना ड्रायव्हर शोधत राहिले. तपासणीत पट्टा, बूट, सगळं ट्रेमध्ये गेलं. विमान उडालं, कॉफीची ढकलगाडी आमच्या रांगेपर्यंत पोचायच्या आत उतरायची सूचना झाली.

लिस्बनला उतरल्यावर वेगळाच पेच. नानांची बी.पी.ची गोळी चारची. विमानात त्यांच्या एच.एम.टी.त चार वाजले तेव्हा त्यांनी ती घेतली होती. खाली येऊन बघतात तो भिंतीवर पुन्हा चारच वाजायला आलेले. दुसरी गोळी मी हातातून काढून घेतली.

सामान, मेट्रो, चढाची गल्ली करत हॉटेलवर टेकलो तेव्हा तिथले साडेपाच वाजले होते. माद्रिदचे साडेसहा. म्हणजे दारापासून दारापर्यंत सात तास.

रात्री नानांची वही उघडी होती. “माद्रिद–लिस्बन. ५१० कि.मी. धाव वेळ २० मिनिटे. गाडी वेळेवर. चहा नाही.”