निम्मं मखर

"काकू, आमच्या मखराचं कुठवर आलं?" गडग्यावर कोपरं टेकवून मी सहज विचारलं. पलीकडे काकू चादरी वाळत घालत होत्या.

"मखराचं नाव काढू नको गो!" हातातली ओली चादर त्यांनी तशीच दोरीवर टाकली. म्हणजे सांगण्यासारखं बरंच होतं.

जुन्या भातगिरणीच्या शेडमध्ये सहा जणांनी पैसे घालून सेकंड हँड सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणारं यंत्र घेतलंय, हे आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. काकूंचा धाकटा त्यातला एक. बाकी मेस्त, आयटीआयमधून निवृत्त झालेले मास्तर, एक पाट्या बनवणारा आणि आणखी दोघं, जे फक्त हिशेबाच्या दिवशी दिसतात.

"तुझी महिरप किती सांगितलेली?"

"दीड फूट."

"पाऊण फूट निघाली! उंची निम्मी, रुंदी निम्मी, नक्षीची खोलीसुद्धा निम्मी. दिसायला सुंदर हो, पण त्यात गणपती नाही, उंदीर बसेल."

मी हसले खरी, पण लाकडाचे पैसे आमचे होते.

"चूक कोणाची, म्हणून दोन दिवस भांडण. शेवटी मास्तरांनी खडूने भिंतीवर गणित मांडलं. मोटरचा एक फेरा म्हणजे 200 पायऱ्या. ड्रायव्हर त्याच्या आठपट करतो, झाल्या 1600. स्क्रू एका फेऱ्यात 5 मिलिमीटर सरकतो, म्हणजे मिलिमीटरला 320. पाटीवाल्याने दुसरीकडच्या यंत्राची सेटिंग पेनड्राइव्हवरून आणून इथे घातलेली. तिथला स्क्रू 10 मिलिमीटरचा, म्हणून आकडा 160. आपलं काम करायला बसला, जमेना, तसाच उठून गेला. दुसऱ्या दिवशी धाकट्याने तुझं मखर लावलं. अगो, तुझ्या शिवणयंत्राचा टाका जाऊबाईंनी बदलून ठेवावा आणि तू न बघता शिवायला बसावंस, तसं ते."

हे मला लगेच कळलं. जाऊबाई आहेत मला.

"त्यात पावसात यंत्राचा जुना कॉम्प्युटर मेला. त्यावर यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर, माक-थ्री होतं. त्याला मागे पंचवीस पिनांचा जुना पोर्ट लागतो आणि 32 बिटचं विंडोज. आता नव्या लॅपटॉपला तो पोर्ट कुठला? मग प्रश्न आला, पुढे काय घ्यायचं. आणि बघ, सहा जणांत सात मतं!"

"सातवं कोणाचं?"

"माझं. चहा कोण नेतं शेडवर?"

मास्तरांचं म्हणणं, लिनक्ससीएनसी घ्या. फुकट आहे आणि ताकदीचं आहे. अमेरिकेतल्या सरकारी मानक संस्थेत त्याचा जन्म. पूर्वी त्याला ईएमसी म्हणत. त्याच नावाच्या बड्या कंपनीने हरकत घेतली म्हणून नाव बदलावं लागलं. "सुनेसारखं," काकूंनी मध्येच जोडलं. त्याची सगळी सेटिंग साध्या मजकुराच्या फायलीत असते. फाइलला कुलूप घातलं की पाटीवाला काय, कोणीच आकडा हलवू शकत नाही. पण पोर्टवरून चालवायचं तर जुनाच कॉम्प्युटर हवा, आणि तोही वेळेवर ठोका देतो की नाही, हे आधी तपासून घ्यायला लागतं. ठोका चुकला की मोटर अडखळते. मास्तरांना त्यातही मजा वाटते. बाकीच्यांना ऑर्डरी पुऱ्या करायच्यात.

"आणि धाकटा?"

"त्याचं गर्बल. 2009 साली एका नॉर्वेच्या माणसाने केलेलं. हातात मावेल एवढा अर्डुइनो बोर्ड, त्याला यूएसबीने कुठलाही लॅपटॉप जोडायचा. स्वस्त आणि सुटसुटीत. पण आकडे त्या बोर्डात बसतात. डॉलर 100 असं लिहून पुढे हवा तो आकडा टाकला की आडव्या अक्षाचं माप बदललं! म्हणजे पाटीवाल्याला आणखी सोपं. शिवाय एकदा मित्राकडे बघितलं त्याने. काम अर्ध्यावर, लॅपटॉप झोपला आणि कटर लाकडात तसाच फिरत राहिला. काळा डाग पडला, धूर निघाला."

"मग मेस्तांनी काय सांगितलं?"

काकूंनी आवाज खाली आणला. मेस्तांची बायको पलीकडेच राहते.

"मेस्त म्हणाले, मला तुमचं एकही नको, मला हँडल द्या. डीएसपी हँडल. हातात धरायचं, छोटा पडदा, बटणं, कॉम्प्युटर नाहीच. घरी डिझाइन करा, पेनड्राइव्ह लावा, सुरू. आणि वीज गेली तर कुठवर आलं ते लक्षात ठेवतं. आली की यंत्र आधी आपल्या मूळ जागी जाऊन येतं आणि पुढचं कापायला लागतं. कॉम्प्युटरवरही मधल्या ओळीपासून सुरू करता येतं गो, पण ओळ कुठली, ते लावणाऱ्यालाच ठाऊक. तो गेलेला असतो जेवायला."

श्रावणात आमच्याकडे वीज दिवसातून किती वेळा जाते, हे मी वेगळं सांगायला नको. मला मेस्तांचंच पटलं. मास्तर म्हणे कुरकुरले, त्या एवढ्याशा पडद्यावर कटरची वाट दिसत नाही. खरं आहे. पण मेस्तांना ती लाकडात दिसते.

"तुमचं मत काय पडलं, काकू?"

"मी म्हटलं, काय हवं ते घ्या, पण लाल बटण कॉम्प्युटरच्या भरवशावर नको. दाबलं की वीजच तुटली पाहिजे. यावर मात्र सहाही जण गप्प. दुसरं, जो येईल त्याने आधी प्लायच्या तुकड्यावर 100 मिलिमीटरची रेघ मारायची, पट्टी लावायची, मग कामाला हात. रेघ न मारता लाकूड लावलं तर लाकडाचे पैसे त्याचे."

"आणि हँडल?"

"घेतलं. मास्तर लिनक्सचं घरी करतायत, स्वतःसाठी. पाटीवाला आठ दिवस फिरकला नाही. काल आला, पट्टी घेऊन."

चादरी संपल्या होत्या. काकू आत गेल्या आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन गडग्याशी आल्या. मी तिथेच टेप लावून मोजलं. महिरप दीड फूट भरली. चतुर्थीला या बघायला. उंदरासाठी ते निम्मंही ठेवलंय.