बॅकअप झाला, साहेब!

कुठल्याही कार्यालयात विचारा, बॅकअपची टेप कपाटात सुखरूप असते. ती शेवटची कधी वाचून पाहिली, असे विचारणारा तेवढा आगाऊ ठरतो. फाइल परत उतरवायची, चेकसम जुळवायचा, ही कटकट कोण करणार? लेबल आहे ना!

फर्दापूरकरांना यात नवल वाटू नये. शेजारच्या अजिंठ्याच्या चित्रांचा पहिला मोठा बॅकअप मेजर रॉबर्ट गिल यांनी घेतला; १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून. प्रती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. या अनुभवातून सरकार काय शिकले? १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी पुन्हा लेण्यांत बसले, नव्या प्रती काढल्या आणि त्या पाठवल्या पुन्हा लंडनलाच. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागली. शंभराच्या वर प्रती खाक किंवा खराब.

मूळ प्रत मात्र वाघूरच्या काठी, वटवाघळांच्या देखरेखीखाली, शाबूत. म्हणजे जवळजवळ शाबूत. नक्कल नीट उतरावी म्हणून तिच्यावर व्हार्निश फासले होते, ते पिवळे पडले आहे.