पंच्याहत्तर टक्क्यांत आपण कुठं?

भिलाई, ऑगस्ट 2021. पोलाद प्लांटच्या क्वार्टरांमधलं मेंदीचं कुंपण. अलीकडे शोभा, पलीकडे शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या बाई, मंदाकाकू.

“काकू, पेपर पाह्यला का? छत्तीसगडात शंभरातल्या पंच्याहत्तर जणांच्या अंगात कोरोनाच्या अँटिबॉडी निघाल्या म्हणे. आता काहून भ्यायचं?”

“74.6 टक्के. पण नमुने कुठले, तेही वाचलंस का?”

“छत्तीसगडातलेच की!”

“बिजापूर, कबीरधाम आणि सरगुजा. आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधन परिषद, गेल्या वर्षापासून देशभरातल्या त्याच सत्तर जिल्ह्यांत तपासणी करतंय, त्यात आपल्या राज्यातले हे तीन. यंदा 6 एप्रिलपासून लॉकडाऊन लागला तो आपला दुर्ग जिल्हा त्यात नाहीच.”

“पण आमचे हे म्हणतात, प्लांटमध्ये चमचाभर नमुना काढला की भट्टीतल्या अख्ख्या हीटचा हिशेब लागतो.”

“बरोबरच म्हणतात. पण वितळलेलं पोलाद ढवळून एकजीव झालेलं असतं. माणसं कुठं होतात एकजीव? मुंबईत गेल्या जुलैत तीन वॉर्डांत तपासणी झाली. झोपडपट्ट्यांत 57 टक्के निघाले, बाकीच्या वस्तीत 16. त्या दोन्हींची सरासरी कोणाच्या कामाची?”

“म्हणजे सगळं खोटंच म्हणायचं!”

“खोटं नाही गं. पहिल्या फेरीत, 2020 च्या मे-जूनमध्ये, देशाचा आकडा होता 0.73 टक्के. यंदा जून-जुलैत 67.6. लागण किती पसरली ते यावरून कळतं. पहिल्या वेळी तर फार जपावं लागलं. पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संस्थेचं ‘कवच’ किट चांगलं, पण लागण न झालेल्या शंभरांतल्या दोघांना तेही चुकून पॉझिटिव्ह दाखवतं. हजारात खरे सात-आठच असतील, तर हे वीस खोटे त्यांच्यावर भारी पडणार. म्हणून पॉझिटिव्ह नमुने दुसऱ्या किटवर पुन्हा तपासले.”

“आता आकडाच मोठा आहे, तर चुकीचं काही एवढं नाही.”

“शाबास. होऊन गेलेलं मोजायला सर्वेक्षण उत्तम. फक्त त्याला उद्याचं भविष्य विचारू नये. दिल्लीत जानेवारीत 56 टक्के निघाले होते. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत तिथं काय झालं ते तू टीव्हीवर पाहिलंस. ब्राझीलच्या मनाउसमध्ये तर गेल्या ऑक्टोबरपर्यंत 76 टक्के लोकांना लागण झाल्याचा अंदाज होता. जानेवारीत तिथला ऑक्सिजन संपला.”

“बाप्पा! असं कसं?”

“विषाणू बदलला, जुन्या अँटिबॉडी उतरत गेल्या आणि मुळातला अंदाजही फुगलेला असेल. कशाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत.”

“आमच्या नागपूरच्या भाऊजींना पाहा ना, दोनदा झाला. दीड महिन्यानं पुन्हा पॉझिटिव्ह.”

“मधे निगेटिव्ह आली होती?”

“तपासलंच कुठं!”

“मग ते आयसीएमआरच्या हिशेबात बसत नाहीत. दोन पॉझिटिव्हमध्ये किमान 102 दिवस आणि मधे एक निगेटिव्ह, असा निकष आहे. कारण मेलेल्या विषाणूचे तुकडे आठवडेच्या आठवडे नाकात राहतात. त्यांनी 1300 जणांची छाननी केली, त्यात 58 जण बसले, म्हणजे साडेचार टक्के. हाँगकाँगला गेल्या ऑगस्टमध्ये एकाचे दोन्ही वेळचे विषाणू वेगळे निघाले, तेव्हा शंकाच मिटली. पण दुसऱ्यांदा त्याला साधा खोकलासुद्धा नव्हता. पुन्हा लागण झाली म्हणजे माणूस पुन्हा तेवढाच आजारी पडेल, असं नाही.”

“आणि ह्यांना एप्रिलमध्ये झाला तरी परवा अँटिबॉडी निगेटिव्ह आल्या, ते?”

“कोणत्या अँटिबॉडी? काही किट विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरुद्धच्या शोधतात, काही वरच्या काट्यांविरुद्धच्या. कोविशील्ड लसीनं फक्त काट्यांविरुद्धच्या तयार होतात, त्या पहिल्या प्रकारच्या किटला दिसत नाहीत. शिवाय अँटिबॉडी उतरल्या तरी विषाणूला ओळखणाऱ्या पेशी शरीरात मागे राहतात. म्हणून तो रिपोर्ट पाहून रडू नये आणि पॉझिटिव्ह आला म्हणून मास्कही काढू नये.”

शोभानं आवाज खाली आणला. “खरं सांगू? महालक्ष्म्यांच्या जेवणाला पंचवीस जणांना बोलवायचं चाललंय. आंबील, सोळा भाज्या, पुरणपोळ्या, सगळं. म्हणून पंच्याहत्तर टक्के वाचून मला हायसं वाटलं.”

“अगं, जेवायला टक्के येत नाहीत, माणसं येतात. लस किती जणांची झाली?”

“सासूबाईंच्या दोन्ही झाल्या. धाकट्या जाऊबाई म्हणून राहिल्या, मला होऊन गेला, मला काहून पाहिजे लस?”

“तिला आधी लस, मग पुरणपोळी. आणि पंक्ती लहान कर, अंगणात बसव.”

“तिला मी कशी सांगू, काकू? लगेच रुसते. तुम्हीच सांगा ना.”

“मी? मागच्या वर्षी मास्क लाव म्हटलं, तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही ती.”

“मग तर तुम्हीच सांगा. तुमचं आणखी काय बिघडणार आहे?”