तीन, दोन, एक आणि आडवी रेघ

चेन्नईतल्या एका विद्यापीठात मी अभ्यासक्रमाची गुणवत्ता सांभाळणाऱ्या विभागाची प्रमुख आहे. पुण्याच्या मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे शिकवत नाहीस?" नाही. जे शिकवतात त्यांच्याकडून शिकवल्याचे पुरावे गोळा करते. यात कमीपणा काही नाही. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठं लंडनच्या धर्तीवर निघाली, तेव्हा शिकवायचं कॉलेजांनी आणि विद्यापीठानं फक्त परीक्षा घ्यायची, अशीच वाटणी होती. त्या थोर परंपरेची आजची वारसदार मी.

२०१४ साली भारत इंजिनिअरिंगच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला आणि इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांमागे तक्ते लागले. उभ्या बाजूला विषयाची फलितं, म्हणजे तो शिकून मुलांना काय यायला हवं ते; आडव्या बाजूला पदवीची. प्रत्येक चौकोनात संबंध किती घट्ट ते लिहायचं: तीन, दोन, एक, नसेलच तर आडवी रेघ. थर्मोडायनॅमिक्सच्या तिसऱ्या फलिताचा 'आजन्म शिकत राहण्याची वृत्ती' याच्याशी संबंध किती? एका सरांनी दोन लिहिलं होतं.

"दोनच का?"

"तीन लिहिलं तर तुम्ही पुरावा मागाल, मॅडम. एक लिहिलं तर कारण विचाराल."

वर क्रियापदांचा जाच. 'विद्यार्थ्याला ओहमचा नियम समजेल' असं लिहिलेलं आलं की आम्ही लाल खूण करून परत पाठवतो. समजलं हे मोजणार कसं? 'नियम वापरून गणित सोडवेल' असं लिहा. गंमत म्हणजे ज्या शिक्षणतज्ज्ञ ब्लूमच्या नावानं हे चालतं, त्याच्या शिकण्याच्या उतरंडीत समजण्याला स्वतंत्र पायरी आहे. आमच्या अभ्यासक्रमात मात्र आता कोणालाही काहीही समजत नाही. अधिकृतपणे.

पुराव्याची सवय जेवणातही सुटत नाही. कँटीनमध्ये मी अभिमानानं म्हटलं, सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं. समोर तंजावरी मराठी सहकारी बसले होते. सांबारात इडली बुडवत म्हणाले, "भोसल्यांचा इतिहास सर्फोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरून ठेवलाय. पुरावा असा असतो. सांबाराची फाइल कुठाय?" मी मुकाट्यानं आणखी एक वाटी घेतली. दगडात कोरलेल्या फाइलीला मागची तारीख टाकून नवं पान जोडता येत नाही. आमच्याकडे तशी भिंत असती तर निम्मे विभाग ओस पडले असते.

सगळ्यात अवघड प्रकरण फलप्राप्तीचं. ठरवलेल्या गुणांच्या वर साठ टक्के मुलं गेली तर एक, सत्तर गेली तर दोन, ऐंशीला तीन. लक्ष्य गाठलं की शाबासकी नाही. पुढच्या वर्षी लक्ष्य वाढवायचं. त्यामुळे अनुभवी माणूस पहिल्याच वर्षी तीन गाठत नाही. विद्युत विभागातल्या एका ज्येष्ठ सरांची फलप्राप्ती दरवर्षी शिस्तीत थोडी थोडी वर सरकते. यंदा सरासरी दोन पूर्णांक सहा. समितीच्या बैठकीत मी विचारलं,

"तीनला कधी पोचणार, सर?"

त्यांनी टंबलरमधली कॉफी खालच्या वाटीत ओतली, पुन्हा टंबलरमध्ये घेतली. "निवृत्तीला चार वर्षं आहेत, मॅडम. बरोबर बसतंय."

इतिवृत्तात मी लिहिलं: 'सातत्यपूर्ण सुधारणेचा दीर्घकालीन आराखडा सादर. समितीनं कौतुक केलं.' खाली सगळ्यांच्या सह्या आहेत.