परसातली बारमाही हिरवळ

एका बाजूला उजनीचा पाणफुगवटा, तीन बाजूंना ऊस. पळसदेवला हिरव्या रंगाची केवढी टंचाई आहे, हे सांगायला नको. म्हणूनच परसातला गोठा, शेवगा आणि अळूचा वाफा हटवून तिथे प्लॅस्टिकच्या गवताचे टर्फ अंथरण्याच्या कल्पनेचे आम्ही जाहीर स्वागत करतो. हे गवत खुरपावे लागत नाही, म्हैस त्याला तोंड लावत नाही. खाली खडी, वर पॉलिथिलीनची पाती, पात्यांत वाळू. (वाळूचा विषय निघाला की भीमाकाठी लोक गप्प होतात, आम्हीही होतो.)

उन्हात हे गवत इतके तापते की खेळण्याआधी त्यावर पाणी मारावे लागते. गैरसमज नको: पाणी गवताला लागत नाही, तळपायांना लागते. 1976 साली माँट्रिअल ऑलिंपिकची हॉकी कृत्रिम हिरवळीवर झाली आणि मातीवर वाढलेला आपला संघ सातवा आला. पळसदेवने तसा धोका का पत्करावा?

पुढचा टप्पा अर्थातच प्लॅस्टिकचा ऊस. आवर्तनाची वाट नको, तोडणीची टोळी नको, एफआरपीचा वादही मिटला.

राहिला पाण्याचा हिशेब. उजनी आटली की बुडालेले पळसनाथाचे देऊळ वर येते. यापेक्षा चोख मोजपट्टी कोणत्या खात्याकडे आहे? नुसता कळस दिसतोय तोवर टर्फवर खुशाल पाणी मारावे. पायऱ्या दिसल्या की टँकर मागवावा. पहिली खेप टर्फला. म्हशीची चिंता नाही, ती विकूनच टर्फ आणले आहे.