तीन भोकांचा पुरावा

अमेरिकेत स्वस्तातली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घेणारा प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो, "माझी 100 यार्डांवर इंचात मारते." रुगर अमेरिकन असो वा सॅव्हेज अ‍ॅक्सिस, पुरावा खिशात तयार: तीन भोकं पडलेलं कागदी टार्गेट. त्याच दिवशीचे बाकीचे कागद कुठे गेले, हे विचारायचं नसतं. एखादी गोळी फटकून गेलीच, तर "तेव्हा माझा हात हलला." जवळ बसलेल्या दोन मात्र निव्वळ रायफलच्या!

शितावरून भाताची परीक्षा करावी, पण शीत आपणच निवडून नव्हे. त्याच नळीतून सलग दहा गोळ्या झाडा. घोळका हमखास पसरतो. पण दहा गोळ्यांना पैसे पडतात, फुशारकी फुकट असते.

गंमत अशी की या रायफली खरोखरच बऱ्या असतात. सॅव्हेजने 1958 च्या 110 मॉडेलपासून नळी नट आवळून बसवली. हेडस्पेस, म्हणजे बोल्टचं तोंड आणि नळीत काडतूस अडतं ती जागा यांतलं अंतर, जुळवणं सोपं झालं, कारागिराचे तास वाचले. काटकसर उघडी पडते ती प्लास्टिकच्या दस्त्यात. कित्येकांचा पुढचा भाग नुसता मुठीत दाबला तरी नळीला टेकतो.

आणि हरणाचं मर्मस्थान असतं आठेक इंचांचं. शिकारीच्या नेहमीच्या अंतरावर दोन इंचांत मारणारी रायफलही तिथे पुरून उरते. पण हरणाला गाठणं एक वेळ सोपं. शेजारच्या बाकावर रायफलीला दुप्पट पैसे मोजून बसलेल्याला "दोन इंच" असं खरं सांगणं महाकठीण.